फळ हिरावले गेले, तर कर्म व्यर्थ काय?

फळाची आशा न धरता कर्तव्य करावे, ही शिकवण लहानपणापासून कानांवर पडत आल्यामुळे पुष्कळांना ती सोपी वाटते. कर्म सफळ होत असते तोवर ती सोपी असतेही. पेरलेले उगवत आहे, मुलगा परीक्षेत उत्तीर्ण होत आहे, दुकानात गिऱ्हाईक येत आहे, अशा वेळी आपण फळाची अपेक्षा ठेवीत नाही असे म्हणण्यास फारसे धैर्य लागत नाही; कारण न मागताच फळ हाती येत असते. त्या शिकवणीची खरी कसोटी निराळ्याच प्रसंगी लागते. वर्षानुवर्षे झटून जे उभे केले ते डोळ्यांदेखत नष्ट होऊ लागते, ते थांबविण्याचे सामर्थ्य आपल्या अंगी उरलेले नसते, आणि त्याच वेळी उद्याचे काम मात्र पूर्ववत समोर उभे असते. तेव्हा मन विचारते, ‘हे सर्व कशासाठी केले? केले नसते तर काय बिघडले असते?’

हा प्रश्न केवळ शब्दांच्या बळावर सुटणारा नाही. त्याचा विचार करताना एखादे असे जीवन दृष्टीसमोर असावे, की ज्यात हेतू शुद्ध होता, यत्नात कसूर नव्हती, आणि तरीही फळ हिरावले गेले. न्यूझीलंडच्या एका निर्जन बेटावर वन्य पक्ष्यांचे रक्षण करणाऱ्या रिचर्ड हेन्री यांचे जीवन असे आहे. त्यांची हकीकत या प्रश्नाच्या मुळापर्यंत पोहोचविणारी आहे.

न्यूझीलंडच्या भूमीवर वटवाघळे वगळली, तर मूळचा एकही सस्तन भूचर प्राणी नव्हता. मांजर नाही, कोल्हा नाही, उंदीरदेखील नाही. त्यामुळे तेथील कित्येक पक्ष्यांची उडण्याची शक्ती कालाच्या प्रदीर्घ ओघात लोपून गेली. किवी हा त्यांतील एक, काकापो हा दुसरा. काकापो म्हणजे पोपटच. पण जगातील सर्व पोपटांत वजनाने भारी, रात्री संचार करणारा आणि मुळीच न उडणारा असा हा एकटाच पोपट आहे. त्याचा हिरवा रंग शेवाळात आणि नेच्यांत मिसळून जातो. संकटाची चाहूल लागली की तो पळत नाही; जागच्या जागी स्तब्ध राहतो. त्याचे जुने शत्रू म्हणजे आकाशातून नजरेने भक्ष्य शोधणारे शिकारी पक्षी. त्यांच्यापासून ही स्तब्धता त्याचे रक्षण करीत असे. वासाने माग काढणाऱ्या प्राण्यापुढे मात्र तीच स्तब्धता त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणारी ठरली.

असे प्राणी त्या देशात माणसानेच आणले. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी ससे सोडले. सशांनी मेंढ्यांची कुरणे उजाड केली, तेव्हा सशांचा नाश करण्यासाठी १८८० नंतरच्या दशकात फेरेट, स्टोट व वीझल हे मुंगसासारखे लांबट, चपळ, मांसाहारी प्राणी सोडण्यात आले. ससे संपले नाहीत. न उडणारे पक्षी मात्र संपू लागले. या प्राण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते आपल्या स्वभावाप्रमाणे वागत होते. एका अविचाराचा परिणाम निस्तरण्यासाठी दुसरा अविचार करणाऱ्या मनुष्याचा तो दोष होता, आणि म्हणून निवारणाचे कर्तव्यही मनुष्यावरच येऊन पडले होते.

रिचर्ड हेन्री यांचा जन्म १८४५ मध्ये आयर्लंडात झाला. बालपण ऑस्ट्रेलियात गेले. पुढे ते न्यूझीलंडला आले आणि दक्षिण बेटावरील ते आनाऊ सरोवराच्या काठी हाताला मिळेल ते काम करून राहू लागले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. परंतु पक्ष्यांचे जीवन त्यांनी वर्षानुवर्षे इतक्या बारकाईने पाहिले होते, की काकापोंचा ऱ्हास त्यांना फार लवकर दिसला आणि त्यांनी तो लिहून लोकांपुढे मांडलाही. १८९१ मध्ये त्या देशाच्या नैर्ऋत्य टोकास, डस्की साउंड या खाडीच्या मुखाशी असलेले रेझोल्यूशन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. दोनशे चौरस किलोमीटरांहून मोठे असे हे बेट. ते राखले गेले, पण त्याला रक्षक मिळेना. ते काम आपल्याला मिळावे अशी हेन्री यांची उत्कट इच्छा होती. नेमणूक लांबत गेली, आशा मावळली, आणि १८९३ मध्ये निराशेच्या भरात त्यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. ते त्यातून बचावले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९४ मध्ये, रेझोल्यूशन बेटाचे रक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते.

रेझोल्यूशनच्या शेजारी पिजन नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथे त्यांनी घर उभारले. त्या प्रदेशात कोकणालाही मागे टाकील असा पाऊस पडतो. ऊन पडले की रक्त शोषणाऱ्या बारीक माश्यांचे थवे उठतात. मनुष्यवस्ती जवळ नाही. शिधा आणि पत्रे सरकारी आगबोट येईल तेव्हा मिळायची. प्रारंभी एक साहाय्यक सोबत होता, तरी पुष्कळ काळ त्यांना एकांतातच काढावा लागला. कामाचे स्वरूप असे होते: होडी घेऊन मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर जायचे, ओल्या रानात पक्षी शोधायचे, जिवंत पकडायचे, पिंजऱ्यात घालून होडीतून आणायचे आणि रेझोल्यूशन बेटावर सोडायचे. पक्षी शोधण्यासाठी कुत्रा असे. त्याने पक्ष्याला इजा करू नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसके बांधलेले, आणि तो कोठे आहे हे कळावे म्हणून गळ्यात घंटा. सहा वर्षांत सातशेच्या आसपास पक्षी, मुख्यतः काकापो व किवी, त्यांनी अशा रीतीने त्या बेटावर पोहोचविले. सोबत निरीक्षणेही चालू होती. काकापो दर वर्षी अंडी घालीत नाहीत. काही विशिष्ट वर्षीच नर रात्री घुमणारा गंभीर आवाज काढून मादीला बोलावितात. या गोष्टी त्यांनी इतरांच्या फार आधी ओळखल्या.

या सर्व योजनेचा आधार एकच होता: मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये समुद्र आहे. काही ठिकाणी तो समुद्र अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच रुंद आहे. तेवढे पाणी स्टोटला ओलांडता येणार नाही, अशी त्या काळी आशा होती. १९०० च्या आरंभी प्रवासी घेऊन आलेल्या एका जहाजावरील लोकांनी बेटाच्या किनाऱ्यावर असा एक प्राणी वेका या पक्ष्याचा पाठलाग करताना पाहिल्याचे सांगितले. हेन्री यांनी सापळे लावले. महिनेच्या महिने वाट पाहिली. सापळ्यात काहीच आले नाही. मग त्याच वर्षी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बेटावर स्टोट दिसला. समुद्राची भिंत भेदली गेली होती. एकदा ते प्राणी त्या अवाढव्य, घनदाट बेटावर पोहोचल्यावर त्यांना तेथून काढून टाकणे त्या काळच्या कोणत्याही साधनाने शक्य नव्हते. सोडलेल्या सातशे पक्ष्यांचे पुढे काय होणार, हे पक्ष्यांचा स्वभाव जाणणाऱ्या त्या मनुष्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो: सहा वर्षांचे कष्ट गेले. पक्षी मुख्य भूमीवर राहिले असते तरी मेलेच असते, बेटावर येऊनही मेलेच. जमाखर्च मांडला तर बाकी शून्य. मग या कर्माला व्यर्थ म्हणू नये, तर काय म्हणावे?

या आक्षेपाला एक झटपट उत्तर सुचते, आणि ते खोटेही नाही. हेन्री १९२९ मध्ये वारले. पण त्यांची पद्धत मेली नाही. १९७० नंतरच्या दशकात काकापोंचा शोध घेतला गेला, तेव्हा मुख्य भूमीवर जे थोडे पक्षी सापडले ते सर्व नरच होते. १९७७ मध्ये दक्षिणेकडील स्टुअर्ट बेटावर आणखी पक्षी सापडले. पुढे त्यांत माद्याही असल्याचे दिसून आले. पण तेथे मांजरे त्यांना मारीत होती. तेव्हा हेन्री यांनी जे केले होते तेच पुन्हा करण्यात आले. पक्षी पकडून लहान बेटांवर हलविले गेले. फरक एवढाच, की या वेळी शत्रूंपासून मुक्त असलेली वा मुक्त करता येतील अशी बेटे निवडली गेली. १९९५ मध्ये साऱ्या जगात अवघे ५१ काकापो उरले होते. २०२२ मध्ये त्यांची संख्या २५२ झाली. मुख्य भूमीवर १९७५ मध्ये सापडलेल्या एका नराला ‘रिचर्ड हेन्री’ असेच नाव देण्यात आले. १९९८ मध्ये त्याला तीन पिल्ले झाली, आणि मुख्य भूमीवरील वंशाचा धागा तुटता तुटता राहिला. हेन्री ज्या डस्की साउंडमध्ये होडी वल्हवीत होते, त्याच खाडीतील अँकर बेटावर २००५ पासून पुन्हा काकापो सोडण्यात आले. तात्पर्य, फळ आले. केवळ उशिरा आले.

हे उत्तर मनाला सुखावते, पण तत्त्वविचारात ते टिकत नाही. कारण त्यात कर्माचे मूल्य पुन्हा फळावरच टांगलेले आहे; फक्त फळाची मुदत वाढविली आहे. स्टुअर्ट बेटावरील ते पक्षी सापडलेच नसते, आणि काकापो ही जात पृथ्वीवरून नाहीशी झाली असती, तर हेन्री यांची सहा वर्षे निरर्थक ठरली असती काय? १९७७ मध्ये कोणाला तरी रानात काही आढळले, यावर १८९५ मधील एका पावसाळी सकाळी केलेल्या कर्माचे मोल अवलंबून कसे असेल? कर्माची योग्यता कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी घडणाऱ्या योगायोगाने ठरत असेल, तर कोणत्याही मनुष्याला आज काय करणे योग्य आहे हे कधीच ठरविता येणार नाही. म्हणून उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे.

‘फळ’ या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी मिसळून गेल्या आहेत; त्या वेगळ्या केल्या की गुंता सुटू लागतो. एक म्हणजे कर्माचे लक्ष्य, आणि दुसरी म्हणजे कर्त्याचा मोबदला. पक्षी जगावेत, हे हेन्री यांच्या कर्माचे लक्ष्य होते. त्या लक्ष्याविषयी जो उदासीन आहे त्याचे कर्म निष्काम नव्हे, निष्काळजी होय. कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधणे, होडीत पक्षी गुदमरू नये म्हणून जपणे, महिनेच्या महिने सापळे तपासणे, ही सर्व लक्ष्यावर नजर खिळलेल्या मनुष्याची लक्षणे आहेत. सोडायचे असते ते लक्ष्य नव्हे, तर मोबदला. म्हणजे ‘मी इतके केले, तेव्हा मला यश दिसलेच पाहिजे, आणि ते दिसले नाही तर माझे जगणे फुकट’ हा दावा. धनुर्धर नेम सोडीत नाही. बाण सुटल्यावर वाऱ्याशी भांडण सोडतो. पुष्कळ लोक येथे उलट करतात. नेम धरण्याचे कष्ट टाळतात व त्याला वैराग्य म्हणतात. आणि बाण चुकला की मात्र जन्मभर वाऱ्याला दूषणे देत बसतात.

दुसरी गोष्ट अधिकाराची. कर्त्याच्या अधिकारात तीन गोष्टी असतात: उपलब्ध ज्ञानाने योग्य मार्ग शोधणे, तो मार्ग काळजीपूर्वक चालणे, आणि चालताना जे सत्य दिसेल ते मान्य करणे. समुद्राची रुंदी आणि स्टोटचे पोहण्याचे बळ ही हेन्री यांच्या अधिकारातील नव्हती. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि फलासक्तीचा खरा अनर्थ तेथेच दिसतो. ज्याने यशाला आपले सर्वस्व केले आहे, त्याला अपयश दिसत असूनही दिसत नाही. प्रवाशांनी दुसरेच काही पाहिले असेल, बेटावर एकच प्राणी आला असेल, तो आपोआप मरून जाईल, अशी शंभर समाधाने तो स्वतःला देतो. निराधार आशा आणि खरी निष्ठा यांतील भेद येथे कळतो. हेन्री यांनी शोध घेतला, दिसले ते मान्य केले आणि वरिष्ठांना कळविले. स्वतःच्या सहा वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरल्याची वार्ता स्वतःच्याच लेखणीने देणे, याला मोबदल्याचा दावा सोडलेले मन लागते.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मेलेला पक्षी जगलाच नव्हता, असे होत नाही. बेटावर नेलेल्या एखाद्या काकापोला तेथे तीन वर्षे मिळाली असतील, दुसऱ्याला पाच. त्या काळात त्याने फळे खाल्ली, रात्री संचार केला. ते आयुष्य त्याच्या पुढच्या मृत्यूने रद्द होत नाही. दिवा अखेर विझला, म्हणून त्याने रात्रभर दिलेला प्रकाश अंधार ठरत नाही. जमाखर्च मांडणारा पूर्वपक्ष फक्त शेवटची बाकी पाहतो. परंतु जीवन हे शेवटच्या ओळीत साठविलेले नसते. रक्षणाचे कर्म तर विशेषतः असे आहे, की त्याचे सार्थक प्रत्येक दिवशी त्या त्या दिवसापुरते होत असते. आज ज्याचे रक्षण केले तो आज सुरक्षित राहिला, हे सत्य उद्याचे कोणतेही संकट पुसू शकत नाही.

हेन्री यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १८९३ मध्ये त्यांच्या हाती काम नव्हते, केवळ आशा होती. ती मोडली आणि त्यांच्या जगण्याचा आधारच तुटला. १९०० मधील आघात त्याहून कितीतरी मोठा होता. कारण या वेळी केवळ आशा नव्हे, तर प्रत्यक्ष केलेले काम मोडत होते. तरीही ते बेट सोडून गेले नाहीत. ते १९०८ पर्यंत तेथे राहिले. १९०३ मध्ये न्यूझीलंडच्या न उडणाऱ्या पक्ष्यांच्या सवयींवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि पुढे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी कापिटी या दुसऱ्या बेटाच्या रक्षणाचे काम स्वीकारले. आशेवर टेकलेला मनुष्य आशेबरोबर कोसळतो; कर्तव्यावर टेकलेल्याला दुःख होते, परंतु उद्या सकाळी उठून काय करायचे हे त्याला ठाऊक असते. तो ठाऊकपणाच त्याला तारून नेतो.

निर्जन बेटावरील रक्षक आणि भरल्या घरातील गृहस्थ यांत अंतर दिसते तेवढे नाही. घरात वडिलांना असाध्य व्याधी जडली आहे. रोग बरा होणार नाही असे वैद्यांनी सांगितले आहे. तरीही मुलगा रात्री उठून त्यांना पाणी देतो, कूस बदलून देतो, सून पथ्याची पेज करून भरविते. शेजारी हळहळतात, ‘एवढे करून काय उपयोग?’ उपयोग हाच, की आजची रात्र त्या वृद्धाला थोडी सुखाची गेली. त्यांच्या जाण्यानंतर ही सेवा व्यर्थ गेली असे मानणारा मुलगा आपल्या हातांनी केलेल्या एकमेव निर्विवाद पुण्यकर्माचा अव्हेर करीत असतो. तीच गोष्ट चांगले शिकवूनही वाट चुकलेल्या मुलाच्या आईबापांची, आणि पोटच्या पोराप्रमाणे जपलेले पीक एका रात्रीच्या गारपिटीत गमावणाऱ्या शेतकऱ्याची. त्यांनी रडू नये असे कोणतेही तत्त्वज्ञान सांगत नाही. केले ते करण्याजोगे होते, एवढे मात्र त्यांनी विसरू नये.

त्याचबरोबर या विचाराचा आडोसा घेऊन आळसाने घर करू नये, हेही पाहिले पाहिजे. औषधाची वेळ चुकविणाऱ्याने ‘फळ आपल्या हाती नाही’ असे म्हणू नये; वेळ तर त्याच्या हाती होती. मोडलेली पद्धत न तपासता तीच पुन्हा करीत राहणे ही निष्ठा नव्हे, हट्ट होय. हेन्री यांच्या मागून आलेल्या रक्षकांनी त्यांचे धैर्य घेतले, पण त्यांचे बेट घेतले नाही; अपयशाने जे शिकविले ते शिकून अधिक सुरक्षित बेटे शोधली. अपयशाचा असा आदर करणे हाही कर्तव्याचाच भाग आहे.

आणि फळाविषयी शेवटचा विचार असा. फळ येते तेव्हा ते लावणाऱ्याच्याच ओंजळीत पडेल असा सृष्टीचा नियम नाही. हेन्री यांना जे मिळाले नाही ते आज त्या खाडीत पहारा करणाऱ्यांना मिळत आहे. आणि हे रक्षकही जे पेरीत आहेत त्याची सावली दुसऱ्याच कोणावर पडेल. प्रत्येक गृहस्थाने आपल्या अंगणाकडे पाहावे. ज्या आंब्याची फळे घरातील मुले खातात, तो आजोबांनी लावलेला असतो; ज्या विहिरीचे पाणी भरले जाते, ती खणणाऱ्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. न पेरलेल्याची फळे मनुष्य जन्मभर खात असतो, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नसते. मग स्वतः पेरलेल्याचे फळ एखाद्या वेळी हाती आले नाही, तर जुने देणे थोडे फिटले असे मानून त्याने पुढच्या कामाला लागावे.